नोंद कुणाच्या नावावर?

रविवार, रात्री. लाईट आत्ता आली.

सकाळी ऊन चढायच्या आत रामलिंगला, रानातल्या प्राण्या-पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या गटाची बैठक उरकली. बैठक म्हणजे देवळाच्या अलीकडं झाडाखाली सतरंजी, आणि माकडांपासून चिवडा सांभाळत गप्पा. आम्ही दोघं-तिघं मास्तर, एक निवृत्त कृषी सहायक, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक पोरगा (पक्ष्यांचे फोटो आमच्यात त्याचेच चांगले), आणि आज पहिल्यांदाच शेळ्या राखणारे मामा.

मराठवाड्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. राज्यातल्या सहांपैकी चार विदर्भात, एक मुंबईला चिकटून, एक चांदोलीला. साहजिकच अभ्यासक तिकडं, पैसा तिकडं. आमच्या वाट्याला येडशी-रामलिंग घाट, १९९७ साली जाहीर झालेलं जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. नर वाघाला हे अंगणसुद्धा पुरायचं नाही. तरी २०२४ च्या डिसेंबरात इथल्या कॅमेऱ्यात वाघ आला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले तर हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. तिकडं कुणीतरी फोटो नीट जपून ठेवले होते, म्हणून जुळले. इथं उद्या एखाद्या तरसाचा फोटो जुळवायचा म्हटला, तर आमच्या गटाकडं आधीचा फोटोच नाही.

म्हणून मामांना बोलावलं होतं. ओढ्याच्या कडेला वाळूत ठसे दिसले तसे ते खाली बसले. पुढचा पंजा मोठा, मागचा बारका, नखं उमटलेली. "तरस हाय सर. बिबट्याची नखं उठत न्हाईत." मग काठीनं पाला बाजूला सारून विष्ठा दाखवली, वाळून चुन्यासारखी पांढरी झालेली. हाडं चावून खातं, त्यानं तसं होतं. कृषी सहायक वहीत मापं लिहीत होते. मामा म्हणाले, गेल्या पावसाळ्यापासून हे एकटंच आहे, दुसरं दिसत नाही. ही गोष्ट कुठल्याच कॅमेऱ्यात नाही. रोज त्या वाटेनं जाणाऱ्यालाच ती कळणार.

आता वहीतला रकाना: निरीक्षकाचं नाव. मामांनी हात जोडले. "नाव नगं सर. पावती घरी यील." बरोबरच आहे. राष्ट्रीय उद्यानात चराईला पूर्ण बंदी असते. अभयारण्यात तिचं नियमन करता येतं, पण परवानगी नसताना शेळ्या आत सापडल्या तर दंड आहेच. म्हणजे रानातलं सगळ्यात जास्त ज्याला कळतं, त्याचं तिथं असणंच नियमात बसत नाही. आणि शेळ्या नेल्या तर रानाचं नुकसान होतंच. कोवळे फुटवे खाल्ले जातात, हे मामासुद्धा नाकारत नाहीत.

दुकानवाला पोरगा म्हणाला, "स्थानिक गुराखी" असं लिहू. मला ते पटेना. त्याच्या फोटोखाली त्याचं नाव येणार, आणि मामांच्या पन्नास वर्षांच्या जाणतेपणाखाली नुसती एक जात-धंद्याची ओळख. त्यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी मामाच म्हणाले, "लिवा की, काळीनं बघितलं. दंड तिला लावू द्या." काळी म्हणजे त्यांची म्होरकी शेळी. सगळे हसले, पण वहीत खरंच "काळी" असं लिहिलंय. तरसाच्या ठशांची आणखी एक नोंद तिच्या नावावर झाली तर ती आमच्या गटातली सगळ्यात जाणती निरीक्षक ठरेल.

जागेचंही तसंच. तरसाची घळ कुठं, हे उघड्या वहीत नको. बाहेरच्यांसाठी शिवाराचं नाव पुरे. नेमकी खूण वेगळ्या पानावर, दोघांकडंच. वाघाच्या वेळी गावोगाव काय गर्दी उसळली आणि कुठल्या कुठले जुने व्हिडिओ फिरले, ते आम्ही पाहिलंय.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची वही, आली. आमच्या गावची मी मागं उघडून पाहिली. झाडांची यादी भली लांबलचक, त्यात निम्मी आमच्या शिवारात नसलेली, आणि तरसाचा पत्ता नाही. भरणारा माणूस मामांकडं गेलाच नसणार. आमच्या वहीतल्या नोंदी तिथं चढवाव्यात, असं कृषी सहायकांचं म्हणणं. सरपंच ओळखीचे आहेत, पण "काळी" त्यांना कसं समजावून सांगायचं ते बघावं लागेल.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर होणाऱ्या प्राण्यांच्या गणनेला नावं द्यायची आहेत. ओळखपत्राची झेरॉक्स लागेल. मामांना मचाणावर बसवायचं माझ्या मनात आहे. त्या रात्री ते वनखात्याच्या परवानगीनं आत असतील, म्हणजे रकान्यात खरं नाव घालता येईल. पण शेळ्या रात्री कुणाच्या हवाली करायच्या, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलंय. उद्या सकाळी सहाच्या आत फोन केला पाहिजे, नंतर ते रेंजमध्ये नसतात.