खोलीत माणूस आहे की नुसताच पंखा?

मोशन सेन्सरवाला दिवा जिन्यात लावला तर कुणाची तक्रार नसते. तोच बाथरूममध्ये लावला की दोन मिनिटांत अंधार होतो आणि आतल्या माणसाला हात हलवत बसावं लागतं. सेन्सर बिघडलेला नसतो. तो हालचाल मोजतो, आपल्याला मात्र ‘आत कुणी आहे का’ याचं उत्तर हवं असतं. स्वस्थ बसलेला, वाचणारा, झोपलेला माणूस हालचालीच्या सेन्सरच्या लेखी खोलीत नसतोच. घराने आपण होऊन दिवे, पंखे, एसी सांभाळावेत असं वाटत असेल तर ही फट आधी बुजवावी लागते, आणि ती एका सेन्सरने बुजत नाही.

स्वस्त आणि सर्रास मिळणारा सेन्सर म्हणजे पीआयआर. एचसी-एसआर५०१ हे त्याचं हौशी लोकांना पाठ असलेलं मॉडेल. शरीरातून निघणाऱ्या अवरक्त किरणांमधला बदल तो टिपतो. पांढऱ्या घुमटाकार भिंगाने समोरच्या जागेचे पट्टे पाडलेले असतात. गरम वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की सेन्सर कौल देतो. बोर्डावर दोन पेच असतात, एक पल्ल्याचा (साधारण ३ ते ७ मीटर), दुसरा वेळेचा. वेळेचा पेच सरळ किमान ठेवा, म्हणजे काही सेकंदांवर, आणि ‘किती वेळ माणूस आहे असं धरायचं’ हे सॉफ्टवेअरमध्ये ठरवा. पेचाने केलेली वेळ बदलायची तर दरवेळी शिडी लावावी लागते. जंपर (बोर्डावरची छोटी जोडपट्टी) पुन:पुन्हा ट्रिगर होण्याच्या बाजूला ठेवावा. करंट दिल्यावर पहिलं एक मिनिट हा सेन्सर मनाला येईल तसे कौल देतो, ते मिनिट कोडमध्ये सोडून द्यायचं. आणि ईएसपी३२ चा (सेन्सर वाचून वायफायवर कळवणाऱ्या छोट्या बोर्डाचा) अँटेना त्याला चिकटून ठेवू नका. वायफायचं प्रसारण सेन्सरच्या अँप्लिफायरमध्ये शिरतं आणि रिकाम्या खोलीत दर थोड्या वेळाने कुणीतरी फिरल्याची नोंद होते. मधे १५-२० सेंटिमीटर वायर ठेवली तर बहुतेक वेळा हा प्रकार थांबतो. नाहीच थांबला तर एएम३१२ हा छोटा सेन्सर याबाबतीत बराच शहाणा आहे.

पीआयआरची दुसरी अडचण आपल्याकडच्या उन्हाळ्याची. त्याला शरीर आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक दिसतो. त्वचा साधारण ३३-३४ अंशांवर असते. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्याच्या संध्याकाळी गच्चीखालच्या खोलीतली भिंतही तेवढीच तापलेली असते. मग डिसेंबरात पाच मीटरवरून ओळखणारा सेन्सर मे महिन्यात दोन मीटरवरही चाचपडतो. संवेदनशीलता वाढवून उपयोग होत नाही, कारण मुळात फरकच उरलेला नसतो.

म्हणून जोडीला रडार घ्यायचा. एलडी२४१० हा २४ गिगाहर्ट्झवर चालणारा बोटभर बोर्ड ५ व्होल्टवर चालतो, साधारण ८० मिलिअँपिअर खातो आणि छातीच्या श्वासाइतकी हालचालही पकडतो. ईएसपी३२ ला जोडायला चार वायरी पुरतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, रडारचा टीएक्स (पाठवणारी पिन) ईएसपीच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनला) आणि आरएक्स टीएक्सला. सीरियलचा, म्हणजे या वायरींवरून माहिती जाण्याचा, वेग सेकंदाला २,५६,००० बिट आहे. ईएसपी८२६६ या जुन्या बोर्डावर सॉफ्टवेअर सीरियलने हा वेग झेपत नाही, अक्षरं गळतात; तिथे रडारचा वेगच १,१५,२०० वर आणावा. ईएसपीहोम या ईएसपी बोर्डांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये या रडारसाठी तयार घटक आहे, कोड लिहावा लागत नाही. ब्लूटूथवाल्या आवृत्त्यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो. तो बदला, नाहीतर ब्लूटूथच बंद करा.

रडार समोरच्या अंतराचे ०.७५ मीटरचे टप्पे पाडतो, त्यांना गेट म्हणतात: शून्य ते आठ, एकूण नऊ. बहुतेक गेटांना हालचालीचा आणि स्थिर उपस्थितीचा असे दोन वेगळे उंबरठे देता येतात; परत आलेल्या सिग्नलची ऊर्जा उंबरठ्याच्या वर गेली तरच रडार कौल देतो. इथवर सगळं सोपं. मग कुणीतरी पंखा लावतं.

परदेशी व्हिडिओंमध्ये हा रडार जादूसारखा चालतो, कारण तिथे बहुतेकदा छताला पंखा नसतो. आपल्याकडे १२०० मिलिमीटरचा पंखा म्हणजे रडारच्या समोर सतत फिरणारं धातूचं पातं. खोली रिकामी असली तरी रडार छातीठोकपणे सांगतो, माणूस आहे. आणि पंखा बंद करणं हेच त्या रडारचं काम असेल तर झालंच: पंखा चालू म्हणून माणूस आहे, माणूस आहे म्हणून पंखा चालू. वीज वाचवायला केलेली व्यवस्था पंखा दिवसरात्र चालू ठेवते.

उंबरठे वाढवून यातून सुटता येईल असं वाटतं. आकडे मांडून बघा. रडार भिंतीवर दीड मीटर उंचीवर, पंखा २.६ मीटर उंचीवर, भिंतीपासून पंख्याचं केंद्र १.८ मीटर. पात्याची त्रिज्या ०.६ मीटर. म्हणजे रडारपासून पात्यांचं अंतर साधारण १.६ ते २.६ मीटर, गेट दोन आणि तीन. पलंग पंख्याखालीच असतो, त्यामुळे झोपलेला माणूसही त्याच गेटांत येतो. पंखा झाकायला त्या गेटांचा उंबरठा वाढवला की माणूसही झाकला जातो.

यावर उपाय जागेचा आहे. रडार छताला, तोंड सरळ खाली, पंख्याच्या केंद्रापासून दीड मीटर लांब. पात्याचं टोक आता ०.९ मीटरवर आलं आणि ते छतापेक्षा ०.३ मीटरच खाली आहे. सरळ खालच्या दिशेपासून मोजलं तर हा कोन ७१ अंशांच्या आसपास भरतो. रडारचा पसारा मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ६०-६० अंश. पंखा बाहेर पडला. छत २.९ मीटरवर आणि झोपलेल्या माणसाची छाती जमिनीपासून ०.७ मीटरवर धरली, पलंग एक मीटर बाजूला धरला, तर अंतर २.४ मीटर येतं, म्हणजे गेट तीन. तिथे स्थिर माणूस ओळखण्याचा उंबरठा हवा तसा लावता येतो.

कडेने थोडी गळती राहतेच. शिवाय फरशीवरून उसळलेला सिग्नल पंख्यापर्यंत जाऊन परततो आणि साडेपाच-पावणेसहा मीटरवर, गेट सातमध्ये, एक भूत उभं राहतं. खोलीत तेवढं अंतरच नाही, त्यामुळे पाचच्या पुढची गेटं बंद करून टाकायची. उरलेल्यांसाठी इंजिनिअरिंग मोड (प्रत्येक गेटची ऊर्जा दाखवणारा) चालू करा, खोली रिकामी करून दार लावा, पंखा एक नंबरवर पाच मिनिटं आणि पाच नंबरवर पाच मिनिटं चालवा आणि प्रत्येक गेटची सर्वांत जास्त ऊर्जा लिहून ठेवा. उंबरठा त्यापेक्षा दहाने वर. मंद पंखाही तपासायचाच, कारण हळू फिरणारं पातं कधी कधी स्थिर उपस्थितीच्या मोजणीत जास्त घुसतं. पडदा, मच्छरदाणी, दोरीवर वाळत घातलेले कपडे पंख्याच्या वाऱ्याने हलतात, तेव्हा मोजणी नेहमीच्या अवस्थेत करा. खोली आवरून केलेली मोजणी फुकट जाते. प्लायवूडचं किंवा जिप्समचं पार्टिशन रडारला आरपार दिसतं, त्यामुळे पलीकडच्या खोलीतला माणूस अलीकडे मोजला जातो. विटांची भिंत बऱ्यापैकी आड येते.

मग फोनचं काय? फोन सगळ्यांच्या खिशात असतो, तो घरच्या वायफायवर आहे म्हणजे माणूस घरात आहे, हा युक्तिवाद मोहात पाडणारा आहे. ही कल्पना जुनी आहे. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास ‘अ‍ॅक्टिव्ह बॅज’ केला होता. गळ्यातला बिल्ला दर १५ सेकंदांनी अवरक्त संकेत सोडायचा, खोलीतला सेन्सर तो टिपायचा आणि त्या माणसाचा फोन जवळच्या टेबलावर वळवला जायचा. पण बिल्ला याच कामासाठी घडवलेला होता. आपला फोन बॅटरी वाचवायला घडवलेला आहे. स्क्रीन बंद झाली की तो वायफायवर झोपतो आणि पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या ‘आहेस का’ या हाकेला) उत्तर देत नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट मॅक पत्ता (नेटवर्कवरची यंत्राची ओळख) वापरतात. घरच्या नेटवर्कपुरता तो फिरता न ठेवता कायम ठेवावा, नाहीतर एक दिवस राउटरला फोन परका वाटू लागतो. जीपीएसचं कुंपण (नकाशावर घराभोवती आखलेलं वर्तुळ) घालणार असाल तर त्रिज्या १०० ते १५० मीटरपेक्षा कमी ठेवू नका, आणि अँड्रॉइडवर कुंपण ओलांडल्याची बातमी यायला दोन-तीन मिनिटं लागू शकतात हे गृहीत धरा. दाराशी पोचल्यावर दिवा लागावा म्हणून हे कामाचं नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, माणूस आणि फोन एक नव्हेत. आजीचा फोन चार्जिंगला लावून आजी देवळात असते. कामाला येणाऱ्या मावशींचा फोन तुमच्या यादीत नसतो, लहान मुलांकडे फोन नसतो. ‘सगळे फोन गेले, घर बंद कर’ असा नियम लिहिला तर मावशी भांडी घासत असताना स्वयंपाकघरातला दिवा जाणार. माझ्या मते फोनचा कौल एवढ्यासाठीच घ्यावा: सगळे फोन बाहेर असतील आणि घरातला एकही सेन्सर अर्ध्या तासात जागा झाला नसेल, तरच घर रिकामं.

आता हे कौल एकत्र करायचे. ‘हा किंवा तो’ असं जोडलं तर पंख्याची चूकही आत येते, ‘हा आणि तो’ असं जोडलं तर झोपलेला माणूस बाहेर पडतो. होम असिस्टंट या घर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बेझियन सेन्सर आहे, म्हणजे अनेक कौलांवरून एक शक्यता काढणारा हिशेब. तो इथे उपयोगी पडतो. खोलीत कुणी असण्याची मूळ शक्यता ३० टक्के धरू. माणूस असताना पीआयआर ६० टक्के वेळा कौल देतो, नसताना २ टक्के. रडार माणूस असताना ९५ टक्के वेळा कौल देतो, नसताना १० टक्के, कारण पंखा. दोन्ही चालू असतील तर शक्यता ९९ टक्क्यांवर जाते. दोन्ही बंद असतील तर एका टक्क्यावर येते. पीआयआर गप्प आणि रडार चालू, तर ६२ टक्के.

हा ६२ चा आकडा महत्त्वाचा आहे. दिवा लावायला ८० टक्के लागतील आणि घालवायला ३० टक्क्यांच्या खाली यावं लागेल असा नियम केला, तर एकटा रडार रिकाम्या खोलीत दिवा लावू शकत नाही, पण लागलेला दिवा झोपलेल्या माणसासाठी टिकवून धरतो. बेझियन सेन्सरला स्वतःचा एकच उंबरठा असतो. त्यामुळे त्याची शक्यता बाहेर काढून हे दोन आकडे वेगळ्या नियमात लिहावे लागतात. टक्केवारी मात्र अंदाजाने भरू नका, निदान आठवडाभराच्या नोंदींवरून काढा. पीआयआर आणि रडार एकाच पडद्याने फसत असतील तर ते दोन स्वतंत्र साक्षीदार राहत नाहीत आणि ९९ टक्के हा आकडा खोटा ठरतो. दोन्ही सेन्सर एकाच डबीत न ठेवता समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावायचे ते यासाठीच.

बाथरूमला एवढं काही लागत नाही. दाराला चुंबकाचा सेन्सर आणि आत पीआयआर. दार बंद झाल्यानंतर आत एकदाही हालचाल झाली की माणूस आत आहे, आणि दार पुन्हा उघडेपर्यंत आतच आहे. तोवर पीआयआर कितीही वेळ गप्प राहो. दार उघडं असेल तेवढ्यापुरती वेळेची मर्यादा लावायची, दहा मिनिटं पुरतात. गीझर मात्र या नियमांच्या हवाली करू नये. दोन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो, तीन किलोवॉटचा १३, आणि स्वस्त रिले (संकेतावर चालू-बंद होणारा स्विच) बोर्डावर छापलेले १० अँपिअर सतत वाहायला भरवशाचे नसतात. करायचंच असेल तर योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर (जड करंटसाठीचा मोठा रिले) घाला आणि फक्त बंद करण्याचं काम त्याला द्या.

सगळं नीट बसल्यावर एक दिवस लाइट जाते. परत आल्यावर ईएसपी काही सेकंदांत उठतो, राउटर मिनिट-दोन मिनिटं घेतो, फोन आणखी उशिरा जोडले जातात. मधल्या वेळात सगळे सेन्सर ‘अनुपलब्ध’ आणि सगळे फोन ‘बाहेर’. नियमात ‘चालू नसेल तर’ असं लिहिलं असेल तर अनुपलब्धही त्यात मोडतं आणि भरल्या घरातले दिवे जातात. नेमकं ‘बंद’ असेल तरच, असं लिहा. आणि सर्व्हर उठल्यापासून पाच मिनिटं काहीही बंद करणारा नियम चालू देऊ नका. एमक्यूटीटी (सेन्सरचे संदेश ब्रोकर नावाच्या मधल्या प्रोग्रॅममार्फत पोचवण्याची पद्धत) वापरत असाल तर उलटी गंमत होते. ‘माणूस आहे’ हा जतन केलेला शेवटचा संदेश सेन्सर मेल्यावरही ब्रोकर सांगत राहतो. प्रत्येक सेन्सरला उपलब्धतेचा टॉपिक (संदेशांचं वेगळं खातं) आणि लास्ट विल (संपर्क तुटल्यावर ब्रोकरने द्यायचा निरोप) द्या, म्हणजे गेलेला सेन्सर गेला म्हणून कळेल. बेझियन सेन्सर अनुपलब्ध साक्षीदाराला हिशेबातून वगळतो आणि उरलेल्यांवर चालतो.

भिंतीवरचं बटण कधीही काढू नका. कुणी हाताने दिवा लावला किंवा घालवला, की त्या खोलीचा नियम दोन तास, किंवा खोली खरंच रिकामी होईपर्यंत, गप्प बसला पाहिजे. त्यासाठी बटणाची वायर रिलेच्या इनपुटला जोडावी, बटण आणि रिले एका रांगेत जोडू नये. नाहीतर कुणी बटण बंद केलं की घराला ते कळतच नाही. आणि पहिला आठवडा रिले जोडूच नका. सेन्सर लावा, निर्णय फक्त नोंदवहीत लिहू द्या, आणि रोज रात्री बघा: दुपारी पंख्याखाली कुणी झोपलं होतं तेव्हा शक्यता किती होती, मावशी आल्या तेव्हा काय झालं, लाइट जाऊन आली त्यानंतरच्या पाच मिनिटांत काय लिहिलं गेलं. दिवा घालवण्याचा चुकीचा निर्णय एकही नसलेले सलग तीन दिवस मिळाले की मग स्विचबोर्ड उघडायचा, तोही मेन स्विच बंद करून, टेस्टर लावून.