काकांची वायरिंग आणि 0.018 टक्के

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या पुढे गेला की अँप्लिफायरच्या कुठल्याही दुखण्याला मी आधी उष्णतेलाच जबाबदार धरतो. ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण 2 मिलिव्होल्टने उतरतं. बायसने, म्हणजे ट्रान्झिस्टर किंचित चालू ठेवणाऱ्या व्होल्टेजने, त्याच्या पावलावर पाऊल टाकलं नाही, तर क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन आलंच, म्हणजे लहर एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना बिघडते. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्या आठवड्यात माझे तीन दिवस त्यातच गेले.

हिंगण्याच्या शेडमध्ये आम्ही क्लास एबीचे, म्हणजे लहरीचे दोन अर्धे भाग वेगवेगळ्या ट्रान्झिस्टरांवर सोपवणारे स्टिरिओ अँप्लिफायर बनवतो. गिऱ्हाईक पहिलं विचारतं, किती वॅट? जाहिरातीतल्या पीएमपीओ नावाच्या फुगवलेल्या वॅटच्या आकड्यांनी लोकांचे प्रश्नच बिघडवून ठेवलेत. डिस्टॉर्शनची चिंता आम्हीच करायची.

नवा बोर्ड टेबलावर उघडा होता तेव्हा 8 ओमवर, 25 वॅटला, 10 किलोहर्ट्झवर मीटरने 0.003 टक्के डिस्टॉर्शन दाखवलं. डब्यात बसवला आणि तोच आकडा 0.018 झाला. 20 किलोहर्ट्झवर थेट दुप्पट, 0.036. डब्यात हवा कोंडते, म्हणजे गरमीच. मूळ सूर गाळून मागे उरलेला गाळ लहरीचं चित्र दाखवणाऱ्या स्कोपवर पाहिला, तर लहर शून्यरेषा ओलांडते तिथेच पायऱ्या. वारंवारता वाढली की आउटपुट इनपुटशी ताडून चूक सुधारणारा फीडबॅक कमी पडतो, म्हणून क्रॉसओव्हरही वाढतंच. सगळे पुरावे एकीकडेच बोट दाखवत होते.

0.22 ओमच्या एमिटर रेझिस्टरवर 22 मिलिव्होल्ट, म्हणजे 100 मिलिअँपिअर बायस पुन्हा लावला. वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. तापमान बघणारा ट्रान्झिस्टर हीटसिंकवर आणखी जवळ सरकवला. आकडा ढिम्म. तेव्हाच थांबायला हवं होतं, कारण बायस फिरवून जे हलत नाही ते क्रॉसओव्हर नसतंच. मी मात्र सीताबर्डीला गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला म्हणालो, डुप्लिकेट ट्रान्झिस्टर दिलेत तुम्ही.

चौथ्या दिवशी आमच्याकडे वायरिंग करणारे काका डब्यात पडलेला स्क्रू शोधत होते. एका हाताने त्यांनी वायरिंग बाजूला धरली होती.

"भाऊ, म्या तार धरली का आकडा हालते पाहा."

मी मीटरकडे पाहिलं. 0.007. काकांनी तार सोडली, पुन्हा 0.018.

ती निगेटिव्ह सप्लायची तार होती. क्लास एबीमध्ये पॉझिटिव्ह सप्लायची तार लहरीचा एक अर्धा भाग वाहते, निगेटिव्हची दुसरा. प्रत्येक तारेतला प्रवाह असा अर्धवट, म्हणजे जात्याच डिस्टॉर्टेड. बोर्डाच्या ज्या कडेने फीडबॅकचा तांब्याचा ट्रॅक इनपुटकडे वळतो, तिथेच ही तार चिकटून गेली होती. तिचं चुंबकीय क्षेत्र त्या ट्रॅकमध्ये व्होल्टेज उठवत होतं. ते प्रवाहाच्या बदलाच्या वेगावर ठरतं, म्हणून वारंवारता दुप्पट झाली की तेही दुप्पट; आणि अर्धी लहर सुरू होते, संपते तिथे पायरी. क्रॉसओव्हरचा हुबेहूब मुखवटा! एडवर्ड चेरी यांनी 1981 मध्येच यावर निबंध लिहिला होता. मी तो वाचलेलाही होता.

उपाय दहा मिनिटांचा. दोन्ही सप्लायच्या आणि ग्राउंडची अशा तिन्ही तारांना एकत्र पीळ घालून त्या बोर्डापासून दूर नेल्या. दोन अर्ध्या लहरींची बेरीज पुन्हा पूर्ण, स्वच्छ लहर होते आणि ग्राउंडचा परतीचा प्रवाह तीही जवळजवळ खोडून टाकतो. मीटरवर 0.004.

पण त्यासाठी काकांचं बांधकाम कापावं लागलं. मेणाचा दोरा, बोटाबोटाच्या अंतरावर सारख्या गाठी, प्रत्येक तार डब्याच्या कडेला समांतर, वळण काटकोनात. इतकी देखणी वायरिंग मी दुसऱ्या कुणाच्या हातची पाहिलेली नाही. मी कात्री घेतली तेव्हा ते म्हणाले, "काहून तोडता भाऊ? चुकलं काय माह्यं?"

काही चुकलं नव्हतं. मी दिलेल्या सर्किटच्या कागदावर तार म्हणजे नुसती रेघ होती. ती डब्यात कुठून जावी, कुणाच्या शेजारी बसू नये, हे मी लिहिलंच नव्हतं. आता तारांचा नकाशा वेगळा काढून देतो, आणि पिळावर गाठ कुठे मारायची ते काकाच ठरवतात.

सीताबर्डीच्या त्या दुकानात मात्र अजून पाय वळलेला नाही. त्याचे ट्रान्झिस्टर अस्सल होते. त्याच अँप्लिफायरमध्ये आजही चालू आहेत.