बाहीवरचा खिसा

थंडी पडली की नाशिककर सकाळी पेपरात आधी निफाडचा पारा बघतो आणि मग कपाटातून जॅकेट काढतो. अलीकडे गंगापूर रोडला चहाच्या टपरीवर उभं राहिलं, तर निम्मी पोरं बॉम्बर जॅकेटात दिसतात. आमच्या भाच्याचंही तसलंच आहे. बाहेरून काळं, आतून भडक नारिंगी अस्तर आणि डाव्या दंडावर झिपचा चिमुकला खिसा, त्यावर पेनं खोचायला उभे कप्पे.

"अरे, ह्या खिशात ठेवतोस काय?"

"काही नाही मामा. तो असाच असतो."

असाच कसा असेल? हे जॅकेट मुळात लढाऊ वैमानिकांचं. वैमानिकाच्या अंगावर उगाच म्हणून काही नसतं. पट्ट्यांनी आवळून बसलेल्या माणसाला पेन काढायचं तर दंडच सोयीचा. नारिंगी अस्तर विमान पडल्यानंतरसाठी: जॅकेट उलटं करून घालायचं, म्हणजे शोधायला आलेल्यांना वरून दिसतं. आधीच्या जॅकेटांची केसाळ कॉलर पॅराशूटच्या पट्ट्यांच्या आड यायची, तिच्या जागी विणलेली पट्टी आली. चामडं गेलं ते जेटमुळे. भिजलेलं चामडं उंचावर गोठायचं, म्हणून नायलॉन.

मला सगळ्यात आवडतो तो रेशमी मफलर. फोटोत काय रुबाब दिसतो त्याचा! पण पहिल्या महायुद्धातली विमानं उघडी, आणि शत्रू मागून येतोय का हे बघायला मान सारखी फिरवावी लागे. खरखरीत कॉलरीने ती सोलवटून निघायची, म्हणून रेशीम. त्यातून तेव्हाच्या कित्येक इंजिनांना वंगण म्हणून चक्क एरंडेल घालत. इंजिन ते मागे उडवणार, गॉगल माखणार, ते पुसायलाही मफलरच. नाकातोंडात गेलेल्या एरंडेलाचं पुढे काय होत असेल, हे ज्यांना लहानपणी आजीने नाक दाबून पाजलंय त्यांना सांगायला नको.

ह्याच तेलाने एक भलं केलं. 1917 साली सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक तेलकट, मळक्या ओव्हरऑलमध्येच उडाला. उतरल्यावर बाकीचे गारठलेले आणि हा ठणठणीत. तेल मुरलेल्या कापडातून वारा आत शिरत नव्हता. त्यावरून त्याने अंगभर एकसंध सूट शिवून घेतला, तोच सिडकॉट सूट. त्याच सुमारास आपले हरदितसिंग मलिक ब्रिटिशांच्या हवाई दलात उडत होते, पगडीवर बसेल असं मुद्दाम बनवून घेतलेलं मोठं हेल्मेट घालून.

पुढे थंडीपेक्षा वेग भारी पडायला लागला. विमान झटक्यात वळलं की रक्त पायांकडे धावतं, डोळ्यांपुढे आधी करडं, मग काळं. 9 जीच्या, म्हणजे वजन नऊपट करणाऱ्या वळणात 70 किलोचा माणूस 630 किलोचा होतो. टोरांटोतले विल्बर फ्रँक्स खरं तर कर्करोगावर संशोधन करणारे. गरगर फिरणाऱ्या यंत्रात काचेच्या नळ्या फुटत, पण भोवती पाणी ठेवलं की टिकत, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यावरून दुसऱ्या महायुद्धात त्यांनी पाणी भरलेला सूट केला. आता पाण्याऐवजी हवा असते. वळण सुरू झालं की पोटऱ्या, मांड्या, पोट करकचून दाबलं जातं आणि रक्त डोक्यात टिकून राहतं. तरी वैमानिकाला स्वतः स्नायू आवळून, श्वास कोंडून झुंजावं लागतंच.

नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात आधी मिग-21 बनली, मग सुखोई-30. वरून घरघर ऐकू आली की आपण "सुखोई!" म्हणून गच्चीवर धावतो. त्या क्षणी आतल्या माणसाचं पोट आवळलं जात असेल, हे काही आपल्या मनात येत नाही.

अख्ख्या पोशाखात निरुपयोगी म्हणावी अशी वस्तू एकच, छातीवरचे पंख, म्हणजे वैमानिक झाल्याचा बिल्ला. थंडी अडवत नाहीत, रक्तही नाही. आणि मिळवायला सगळ्यात अवघड तेच. मे 2022 मध्ये आपल्याच नाशिकमधल्या गांधीनगरच्या आर्मी एव्हिएशन स्कूलमध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांना ते मिळाले, भूदलाच्या हवाई शाखेतल्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक. बाजारात मात्र पंख जॅकेटवर आयते शिवून येतात. अस्तर, खिसा, कॉलर खुशाल घाला, माझं काही म्हणणं नाही. पंख दिसले की कपाळाला आठी पडते.