लेहचा रस्ता परवडला, ते गोदाम नको

लेहला बाइकवर जाणार, तेही दोघं एकाच गाडीवर, असं कळल्यावर लोकांनी काय काय विचारलं! ऑक्सिजनचं काय, थंडीचं काय, रस्त्यात भांडणं झाली तर काय. गाडी चंदीगडपर्यंत नेणार कशी, हे मात्र कुणाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या सगळ्या प्रवासात जे काही अडलं, ते तिथंच अडलं. तेव्हा खिंडींची वर्णनं वाचायला आला असाल तर थोडा धीर धरा, आधी मला गोदामाबद्दल बोलायचंय.

पुण्याहून चंदीगड १७०० किलोमीटरच्या आसपास. ऐन उन्हाळ्यात, अंगात जाड जाकीट घालून, मागच्या सीटवर बसून एवढं अंतर कापायची मला हौस नव्हती आणि नवऱ्याकडे तेवढी रजा नव्हती. मनालीत गाडी भाड्यानं मिळते, पण लडाखबाहेरून भाड्यानं आणलेल्या गाड्या लेहचे स्थानिक लोक खारदुंगला, नुब्रा, पँगाँगकडे फिरवू देत नाहीत. तिथं परत लेहमधली गाडी घ्यावी लागते. मग आपलीच गाडी पुढे पाठवायची आणि आपण रेल्वेनं जायचं, असं ठरलं. आमची हिमालयन बाइक माझ्या नावावर आहे. कर्ज माझ्या पगारावर काढलं होतं, बाकी काही प्रेमळ कारण नाही. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ट्रान्सपोर्टवाल्यांचं नाव लिहीत नाही. फोनवर माणूस इतका गोड बोलला की नवऱ्यानं दुसरीकडे चौकशीच केली नाही. "सात ते दहा वर्किंग डेज, सर. डायरेक्ट गाडी आहे." पुण्याबाहेरच्या गोदामात आम्ही टाकीत नावापुरतं पेट्रोल ठेवून गाडी नेली. त्यांनी आरसे काढले, बबल रॅप गुंडाळला, वर पुठ्ठा, त्यावर प्लास्टिकची फिल्म. मी चारही बाजूंनी फोटो काढले, ओडोमीटरचाही काढला. नवरा म्हणाला, "लग्नातही एवढे काढले नव्हते." काढा. टाकीवरचा ओरखडा आधीचा की नंतरचा, हा वाद फक्त फोटोनंच मिटतो. ओडोमीटरचा यासाठी, की मधल्या मधे कुणी गाडी फिरवून आणली तर कळावं.

सांगितलेल्या मुदतीत दोन रविवार मिळवून आम्ही चंदीगडला पोचलो. गाडी पोचली नव्हती.

सेक्टर २२ मधल्या हॉटेलात आम्ही, दोन हेल्मेटं, गुडघ्यांची पॅडं, रेनकोट आणि लोकरीचे थर्मल. बाहेर उन्हाच्या झळा. सकाळी दहाला फोन केला की "माल रास्ते में है" आणि संध्याकाळी पाचला केला की "कल सुबह पक्का." गाडीला माल म्हटलं की नवऱ्याचा चेहरा पडायचा. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर पडायला लागली. डायरेक्ट वगैरे काही नव्हतं, इंदूरला ट्रक बदलतो. आमची बाइक 'पार्ट लोड' होती, म्हणजे ट्रक भरेपर्यंत तिनं इंदूरलाच उभं राहायचं. बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर, तारखेपुढे अगदी बारीक अक्षरात 'अंदाजे' छापलेलं होतं. बिल्टी घेताना तो एकच शब्द शोधा आणि ट्रक कुठे बदलणार, ते त्याच कागदावर लिहून मागा. लिहून द्यायला का-कू केलं, तर समजून जा.

जोडीनं प्रवास करण्यातले हाल लोकांना खिंडीत होतात, आमचे चंदीगडमध्ये झाले. नवऱ्याचा स्वभाव 'येईल, कुठे जातेय' असा. माझा तसा नाही. तो शांत बसला की मला वाटतं, याला काही पडलेलीच नाही. मी चिडले की त्याला वाटतं, मी त्याच्यावरच चिडलेय. दोघांचंही अर्धं खरं असतं. हॉटेलात बसून भांडण्यापेक्षा बाहेर पडू म्हणून रॉक गार्डनला गेलो. नेकचंद नावाच्या सरकारी रस्ते निरीक्षकानं टाकाऊ फरशा, फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे गोळा करून वर्षानुवर्षं लपूनछपून उभारलेली ती बाग, १९७६ साली लोकांसाठी उघडली. माणसाची चिकाटी बघून मी थक्क झाले आणि पुढच्या मिनिटाला ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला. संध्याकाळी सुखना तलावावर पेडल मारायची बोट घेतली. अबोला धरून पेडल बोट चालवून बघा कधी. एक जण जोरात मारतो, दुसरा हळू, आणि बोट गोल गोल फिरत राहते. काठावरचं एक पंजाबी कुटुंब आमच्याकडे बघून मनसोक्त हसत होतं.

शेवटी एका दुपारी फोन आला, गाडी आलीय. गोदाम झिरकपूरच्या पलीकडे, हायवेपासून आत. पत्र्याची शेड, घरघरणारा कूलर, त्याच्यासमोर बरोबर मधोमध साहेबांची खुर्ची. मागे रांगेनं पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या बाइक, हँडलला लावलेल्या चिठ्ठ्यांवर कोची, बंगळुरू, सुरत. आमची मी लांबूनच ओळखली, कारण फिल्मवर मी स्केचपेननं स्वतःचं आडनाव मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. हेही करा. त्या रांगेत सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात.

साहेबांनी कागद पाहिले आणि नवऱ्याला म्हणाले, "सर, ओनर को भेजिए."

नवरा म्हणाला, "ओनर ये खड़ी हैं."

"नहीं सर, आरसी जिसके नाम पे है, उनको."

मी म्हटलं, "भाईसाहब, आरसी मेरे नाम पे है."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा नवऱ्याला विचारलं, "मैडम का आधार है क्या?" मी समोर उभी असताना! नवऱ्याला हसू आवरेना, आणि त्या क्षणी मला गोदामवाल्यापेक्षा त्याचाच जास्त राग आला. मोबाइलमध्ये डिजिलॉकर उघडून दाखवलं. रस्त्यावर पोलिसाला ते चालतं, त्यांना चालेना. आरसीची आणि आधारची झेरॉक्स हवी, त्यावर सही हवी. झेरॉक्सचं दुकान चौकात, आणि दुकानात लाइट गेलेली. तिथल्या मुलानं स्टूल पुढे केलं, थंड पाणी दिलं, आणि लाइट येईपर्यंत आम्ही दोघं त्याच्या पंख्याखाली, म्हणजे बंद पंख्याखाली, बसून राहिलो. पुण्यात त्याच कागदांच्या झेरॉक्स आम्ही दिल्या होत्या. त्या पुण्यातच राहिल्या होत्या.

परत आलो तर नवीन पान उघडलेलं. अनलोडिंगचे पाचशे, आणि गाडी गोदामात ठेवल्याचं भाडं वेगळं. म्हणजे उशीर त्यांचा आणि भाडं आमच्याकडून! नवरा माझ्या कानाशी पुटपुटला, "जाऊ दे ना, पाचशे रुपयांसाठी काय. मनालीला पोचायचंय." अशा वेळी मी जाऊ देत नाही. बिल्टी टेबलावर पसरली, 'लोडिंग-अनलोडिंगसह' या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "यह आपके ही ऑफिस ने लिखा है, पढ़िए." त्यांनी वाचलं. मग फोन केला. मग दुसऱ्याला फोन केला. मग चहा मागवला, आमच्यासाठीही मागवला, तेव्हाच मला कळलं की आपण जिंकलो. एक पैसा जास्त दिला नाही. ट्रकमधून बाइक उतरवणाऱ्या दोन पोरांना मात्र मी माझ्याकडून पैसे दिले, त्यांचा यात काय दोष.

पुठ्ठे सोडवल्यावर क्लचचा लिव्हर वाकलेला निघाला आणि आरशाचा एक बोल्ट गायब. बॅटरीही उतरलेली. नुकसान तिथंच बिल्टीवर लिहून घेतलं आणि त्यांची सही घेतली. सही करून गाडी ताब्यात घेतल्यावर केलेल्या तक्रारीला फारशी किंमत राहत नाही. जवळच्या मेकॅनिकनं दुसरा लिव्हर बसवला, गाडीला धक्का मारला, आणि इंजिन फटफटलं तेव्हा नवऱ्यानं मला चक्क सॅल्यूट ठोकला. भांडण तिथंच मिटलं.

यानंतरचं सगळं पटापट झालं. मनालीपर्यंत रस्ता मोठा झालाय. २०२० मध्ये सुरू झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे रोहतांग चढायची गरज उरली नाही, पलीकडे निघालो तर थेट लाहौल. तांदीला टाकी काठोकाठ भरली, शिवाय कॅन भरला. 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही तिथली पाटी बघून भल्याभल्यांची मिशी खाली येते.

मागे बसणाऱ्यांसाठी थोडं, कारण याबद्दल चालवणारे काही सांगत नाहीत. सॅडलबॅग अशा बांधायला लावा की पाय मागे-पुढे हलवायला जागा राहील. नाहीतर तासाभरात गुडघे जाम होतात. टायरमधली हवा आणि मागचं सस्पेन्शन दोघांच्या वजनाप्रमाणे लावून घ्या, एकट्याचं सेटिंग ठेवलं तर प्रत्येक खड्डा तुमच्या कण्यातून जातो. हेल्मेटमधला इंटरकॉम आम्ही घेतला आणि दुसऱ्या दिवशी बंद केला. "हळू", "ट्रक", "आता डावीकडे", एवढं ऐकवत राहिलं की चालवणारा खांदे आखडून घेतो. खांद्यावर एक थाप म्हणजे जमेल तिथं थांब, दोन म्हणजे आत्ता थांब. पुरतं.

बारालाचा खिंडीच्या अलीकडे-पलीकडे रस्त्यावरून नाले वाहतात. दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं, म्हणून सकाळी लवकर निघून ते पार करायचे. नाला आला की मागच्यानं उतरायचं आणि चालत जायचं. बुटात पाणी शिरलं की घोट्यापर्यंत पाय आपले नाहीतच, असं वाटतं, आणि नवरा पलीकडून ओरडून विचारतो, "खोल आहे का गं?" मुक्काम जिस्पाला केला. सारचूला झोपू नका, ४२०० मीटरच्या वर ती जागा आहे आणि तिथं बऱ्याच जणांची रात्र डोकं धरून जाते. डोकं दुखत असताना आणखी वर जाऊन झोपायचं नाही, हा एकच नियम आम्ही पाळला. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या तर घरून निघतानाच आपल्या डॉक्टरला विचारून घ्या.

गाटा लूप्सची २१ वळणं, मग लाचुंगला खिंड, मग पांगच्या पुढे चढ संपतो आणि मोरे मैदान सुरू होतं. १५ हजार फुटांच्या वरचं सपाट पठार, दोन्ही बाजूंना तपकिरी डोंगर, मधून सरळसोट डांबरी रस्ता. तिथं मी गाडी मागितली. "ओनर चालवणार आहे," म्हटलं. नवरा मागे बसला. आमच्या लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. भणाण वारा, चौथा गिअर, आणि आरशात त्याचं हेल्मेट. थोड्या वेळानं खांद्यावर दोन थापा. थांबले. तो उतरला, कंबर धरून वाकडा-तिकडा चालला आणि म्हणाला, "या सीटवर तू इतके दिवस बसलीयेस?" त्यानंतर लेहपर्यंत आणि लेहच्या पुढेही, दर तासाला न सांगता गाडी थांबत गेली. टांगलांगला, खारदुंगला, सगळीकडचे फोटो आहेत, पण मला विचाराल तर या सहलीतली कमाई ही.

येताना श्रीनगरमार्गे उतरलो. सीमा सडक संघटनेच्या पाट्या दोघांनी मिळून मोठ्यानं वाचत आलो. 'डार्लिंग, आय लाइक यू, बट नॉट सो फास्ट' ही मी जरा जास्तच मोठ्यानं वाचली. जम्मूहून गाडी रेल्वे पार्सलनं झेलम एक्स्प्रेसमध्ये चढवली, ती जम्मू तवीहून थेट पुण्यापर्यंत येते, मधे बदलाबदली नाही. टाकी पूर्ण रिकामी लागते, थेंबही चालत नाही. आरसी आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स लागतात. माझ्या पर्समध्ये आता त्यांचा गठ्ठाच असतो. पावती जिवापाड जपा. ती हरवली तर गाडी सोडवायला हमीपत्र वगैरे सोपस्कार करावे लागतात. आणि गाडी पोचल्यावर लगेच उचला, मोफत मुदत संपली की भाडं चढतं.

क्लच लिव्हरच्या पैशांसाठी मी त्या ट्रान्सपोर्टवाल्यांना अजून मेल करते. दर वेळी उत्तर येतं, 'डिअर सर'.

आणि हो, राहिलंच. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. निघायच्या आधी दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या.