आधी ऐकायचे, मग पिकअप निवडायचा: आमची वाटचाल

आमच्या कार्यशाळेचे काम सुरू झाले ते इलेक्ट्रिक गिटारच्या साध्या दुरुस्त्यांपासून: खरखरणारा जॅक बदलणे, झिजलेले फ्रेट (बोटे जिथे तार दाबतात तिथल्या धातूच्या पट्ट्या) घासणे, वाकलेला नेक (गिटारची मान) सरळ करणे, नव्या तारा चढवणे. पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारा भाग, बदलण्याचे काम पहिल्या वर्षी क्वचितच येई आणि आले की ग्राहकाचा व आमचा समज एकच असे, की गिटारचा आवाज आवडत नाही म्हणजे दोष पिकअपचा आणि उपाय म्हणजे अधिक ताकदीचा पिकअप. हा समज सुटायला बरीच वर्षे गेली.

त्या काळात निवडीचे आमचे एकमेव साधन म्हणजे विद्युत रोध मोजणारा मल्टिमीटर. पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याच्याभोवती जेमतेम 0.063 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. गिटारची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि त्या वेढ्यांत सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. वेढे जास्त म्हणजे तार लांब, तार लांब म्हणजे रोध जास्त, आणि रोध जास्त म्हणजे आवाज दमदार, असा सरळ हिशेब आम्ही मांडला होता.

या हिशेबाला पहिला धक्का दिला तो एका तरुण वादकाने. त्याला ब्रिजजवळचा (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथल्या पिकअपचा) आवाज ‘भरदार’ हवा होता. आम्ही यादीतला सर्वांत मोठ्या आकड्याचा, सुमारे 16 किलोओहमचा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) काढून त्याच्या गिटारला बसवला. आठवड्याने तो परत आला आणि शांतपणे म्हणाला, “आवाज मोठा झालाय, पण गिटार बोलेनाशी झालीय.” त्याने आमच्यासमोर एक साधी कॉर्ड छेडली. सहा तारा वाजत होत्या, पण त्यांतली एकही वेगळी ऐकू येत नव्हती. तो विकृत, कर्कश आवाजात वाजवणारा वादक नव्हताच; त्याचे बहुतेक वादन स्वच्छ आवाजात, बोटांनी होते. ते आम्ही त्याला विचारलेच नव्हते.

वेढे वाढले की रोधाबरोबर इंडक्टन्सही (प्रवाहातील बदलाला कॉइल करते तो विरोध) वाढतो, आणि पिकअपच्या आवाजावर त्याची सत्ता रोधापेक्षा कितीतरी मोठी असते. इंडक्टन्स आणि वायरची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एका विशिष्ट वारंवारतेला उठाव देतात आणि तिच्या वरचे स्वर झपाट्याने कापतात. इंडक्टन्स जितका जास्त, तितका तो उठाव खाली सरकतो आणि तारेची झळाळी निघून जाते. रोधाचा आकडा तर आणखी फसवा आहे. 42 गेजऐवजी 43 गेजची बारीक तार तेवढ्याच वेढ्यांनी गुंडाळली, तरी रोध सुमारे पाव पटीने वाढतो आणि ताकद मात्र जवळपास तेवढीच राहते. तापमानाने सुद्धा आकडा हलतो: 20 अंशांना 8 किलोओहम दाखवणारा पिकअप 30 अंशांना सुमारे 8.3 दाखवतो, म्हणून दोन पिकअपांतील दोन-तीन दशांशांच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरा धडा याहून लाजिरवाणा होता. हंबकरमध्ये दोन कॉइल, म्हणजे तारेच्या वेढ्यांच्या दोन गुंडाळ्या, असतात. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी ही रचना केली, 1955 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1959 मध्ये ते मिळाले. एका कॉइलचे चुंबकीय ध्रुव दुसरीच्या उलट ठेवायचे आणि जोडणीही उलट करायची, म्हणजे तारांचा स्वर दोन्हींत एकमेकांत मिळतो आणि विजेच्या उपकरणांची घरघर एकमेकींना खोडते, ही त्यामागची कल्पना. आजच्या बहुतेक हंबकरमधून चार रंगांच्या वायरी बाहेर येतात, आणि कोणता रंग कशाचा हे प्रत्येक निर्माता आपापले ठरवतो. सेमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी वायर सिग्नलची असते आणि तांबडी व पांढरी एकमेकींना जोडायची असतात. डिमार्झिओमध्ये तांबडी सिग्नलची आणि काळी व पांढरी जोडायच्या. आम्ही सवयीने एकाची रंगसूची दुसऱ्याला लावली. काम झाल्यावर मीटर लावला, तर रोध अगदी अचूक, कारण दोन कॉइल एकापाठोपाठ जोडलेल्या होत्याच. पण अॅम्प्लिफायर सुरू केल्यावर आवाज पातळ, नाकातून बोलल्यासारखा, आणि जी घरघर जायला हवी होती ती उलट दुप्पट झालेली. एक कॉइल उलटी जोडली गेली होती. आम्ही तो मीटरचा आकडा बघून ‘बरोबर’ अशी खूण करून ठेवली होती, ती वही अजून आमच्याकडे आहे.

त्यानंतर आम्ही कामाचा क्रम बदलला. गिटार आली की ग्राहकाला ती आमच्यासमोर पंधरा मिनिटे, त्याला रोज वाजवायचे असते तेच, त्याच्या नेहमीच्या आवाजात वाजवायला सांगतो आणि आम्ही फक्त ऐकतो. मग पिकअपची उंची बदलायला स्क्रू ड्रायव्हर घेतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि पिकअपच्या खांबापासून (तारेखालच्या धातूच्या टोकापासून) तारेपर्यंतचे अंतर मोजायचे. बहुतेक गिटारींत दोन मिलिमीटरच्या आसपास सुरुवात करून कानाने पुढे-मागे करता येते. सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकअप) फार वर आणला की खांबांतील चुंबक जाड तारांना ओढतो, स्वर थरथरतो आणि वरच्या फ्रेटवर सूर लागत नाही. ग्राहक याला पिकअपचा दोष समजतो आणि स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्यात तो दोष जातो. आम्हाला त्या क्षणी नवा पिकअप विकता आला असता, पण विकला नाही याचे आम्हाला मनापासून समाधान आहे.

पॉटची, म्हणजे आवाज आणि टोनच्या बटणांखालच्या बदलत्या रोधांची, गोष्टही अशीच. सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये सहसा 250 किलोओहमचे आणि हंबकरच्या गिटारमध्ये 500 किलोओहमचे पॉट असतात. सिंगल कॉइल काढून हंबकर बसवला आणि पॉट जुनेच ठेवले, तर उंच स्वर सर्किटच्या ग्राउंडकडे गळतात आणि नवा पिकअप मंद वाटतो. आमच्याकडे ‘नवा पिकअप बसवल्यावर आवाज झाकोळला’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचे पहिले उत्तर बरेचदा याच दोन छोट्या भागांत सापडते. अॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) पिकअप निवडणाऱ्याने तर 9 व्होल्टच्या बॅटरीला जागा आहे का हे आधी पाहावे आणि सोबतचे 25 किलोओहमचे पॉटही बसवावेत.

हे सगळे तपासूनही मन भरत नसेल, तर मात्र पिकअप खरोखर बदलायला हवा, आणि तेव्हा आम्ही विचारतो ते प्रश्न आकड्यांचे नसतात. कोणत्या तारेवर आवाज खटकतो? एकट्याने वाजवताना की बँडमध्ये? ब्रिजवर खटकतो की नेकवर? ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून तिथला पिकअप थोडा जास्त वेढ्यांचा असणे स्वाभाविक आहे. नेकवर तोच पिकअप लावला तर आवाज चिखलासारखा होतो. अॅल्निको (अॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्टचा मिश्रधातू) 2 चुंबकाचा आवाज मवाळ, अॅल्निको 5 चा ठसठशीत आणि सिरॅमिकचा घट्ट, असे ढोबळ वर्णन उपयोगी पडते, परंतु चुंबकाचे नाव हे अर्धेच सत्य आहे. वेढे, तार आणि आवरण बाकीचे अर्धे सांगतात. पितळेचे आवरण उंच स्वर खाते, निकेल सिल्व्हरचे त्यामानाने कमी.

जास्त ताकदीच्या पिकअपबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. बदली पिकअपचा बाजार 1970 च्या दशकात उभा राहिला, आणि डिमार्झिओच्या सुपर डिस्टॉर्शनसारख्या पिकअपांनी त्या काळच्या कमी गेनच्या (संकेत कमी वाढवणाऱ्या) व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरला जोराने ढकलण्याची खरी गरज भागवली. आज ती ताकद अॅम्प्लिफायर आणि पेडलमध्ये मुबलक मिळते, म्हणून गरज सिद्ध झाल्याशिवाय आम्ही मध्यम ताकदीचाच पिकअप सुचवतो. ज्याची गरज खरी आहे, त्याला जास्त ताकदीचा पिकअपही आनंदाने बसवून देतो. मापे मात्र सगळ्यांची घेतो. फेंडर पद्धतीच्या अनेक ब्रिजवर दोन टोकांच्या तारांमधले अंतर सुमारे 52 मिलिमीटर असते, तर गिब्सन पद्धतीच्या हंबकरचे खांब 49 ते 50 मिलिमीटरवर असतात, आणि हे जुळले नाही तर कडेची तार खांबाबाहेर पडते.

मागच्या काही वर्षांत आम्ही स्वतः पिकअप गुंडाळायला लागलो. यंत्र फिरते, तार बोटांमधून जाते, आणि ताण किंचित वाढला तरी ती हजारो वेढ्यांनंतर तुटते. मेणाचे काम तर आम्हाला पहिल्यांदा जमलेच नाही. पॅराफिन आणि मधमाशीचे मेण चार-एक प्रमाणात वितळवून सुमारे 65 अंशांवर कॉइल बुडवायची असते, म्हणजे वेढे हलत नाहीत आणि मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारत नाही. आम्ही आच जास्त ठेवली आणि प्लास्टिकचा बॉबिन (वेढे ज्यावर गुंडाळतात ते रीळ) वाकला. आता भांड्याशेजारी थर्मामीटर कायम असतो आणि बुडबुडे थांबेपर्यंत कुणी तिथून हलत नाही.

‘बोलेनाशी’ झालेली ती गिटार आजही आमच्याकडे येते. तिच्या ब्रिजवर आम्ही साधारण 8 किलोओहमचा, अॅल्निको 5 चा हंबकर बसवला, नेकवर त्याहून कमी वेढ्यांचा, अॅल्निको 2 चा. तिच्या मालकाने गेल्या खेपेला फक्त नव्या तारा लावून घेतल्या, तीच कॉर्ड पुन्हा छेडली, आणि सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या.