तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी फास्ट बोट, मग बंद का केली?

माझ्या फोनच्या वॉलपेपरवर एक काळपट, बसकी बोट आहे, ज्याच्या हातात फोन जातो तो विचारतो ही कुठली, आणि मी एकदा सुरू झालो की शेवटचा प्रश्न ठरलेला, एवढी भारी होती तर अमेरिकेने काढून का टाकली? एका शब्दात सांगायचं तर कंबर. बोटीची नाही, आतल्या माणसांची.

नाव मार्क फाइव्ह. अमेरिकन नौदलाच्या नेव्ही सील कमांडोंना किनाऱ्याजवळ सोडायचं आणि काम झालं की उचलायचं. 1995 पासून नेव्हीला मिळायला लागल्या, एकूण 20 बनल्या. लांबी 82 फूट, म्हणजे दोन एसट्या एकामागे एक लावल्या तरी थोडी उरेल, वजन 57 टनांच्या आसपास, आणि एवढं धूड 50 नॉटने पळायचं, ताशी 90 किलोमीटरच्या वर! दोन डिझेल इंजिनं, प्रत्येकी 2285 हॉर्सपॉवर, आणि खाली आपल्या ट्रॉलरसारखा पंखा नाही, वॉटरजेट, पाणी आत ओढायचं आणि मागे जोरात फेकायचं. मला सगळ्यात आवडतो तो मागचा उतार, कमांडोंच्या रबरी होड्या त्यावरून घसरत पाण्यात जायच्या आणि परत येताना स्पीड धरून सरळ वर चढायच्या, क्रेन नाही की काही नाही. शिवाय अख्खी बोट सी-फाइव्ह गॅलक्सी ह्या लष्करी मालवाहू विमानाच्या पोटात मावायची.

मार्च 2003 मध्ये इराक युद्धाच्या पहिल्याच रात्री पर्शियन आखातातली, जहाजात तेल भरायची इराकची दोन टर्मिनल्स ताब्यात घेतली, त्यात ह्या बोटी होत्या, सोबत पोलंडचे ग्रोम कमांडो. 1991 ला सद्दामच्या सैन्याने कुवेतचं तेल समुद्रात सोडलं होतं, तसं परत होऊ नये म्हणून ही घाई.

आता कंबर. मी एकदा तारकर्लीला साध्या टुरिस्ट स्पीडबोटीत बसलो होतो, वारा थोडा वाढला आणि दर लाटेला बूड फळीवरून उचलून धाडकन खाली, दहा मिनिटांत दातावर दात आपटायला लागले, दोन दिवस वाकता येत नव्हतं. इथे ॲल्युमिनियमचा कडक तळ, स्पीड कितीतरी जास्त, तेही रात्री, म्हणजे लाट दिसतच नाही, अंग सावरणार कसं? धक्के झेलणाऱ्या खास सीट होत्या, तरी पाठ, गुडघे, मानेच्या तक्रारी काही थांबल्या नाहीत. 2008 ला अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या हॉजडन यॉट्स ह्या बोटी बांधणाऱ्या कंपनीने कार्बन फायबर आणि केव्हलार नावाच्या चिवट धाग्याची माको नावाची एक बोट बनवून पाहिली, धक्का तळानेच थोडा खावा म्हणून. ती एकच राहिली.

बाकी वय, खर्च वगैरे कारणं आहेतच, पण मी तरी कंबरच पहिली धरतो. 2013 च्या सुमारास मार्क फाइव्ह निवृत्त झाल्या. एक फ्लोरिडात फोर्ट पिअर्सच्या सील म्युझियममध्ये आहे, जमिनीवर, त्यामुळे आता तिच्यात बसायला माझी काहीच हरकत नाही.