आमची वाटचाल : मार्करचा कोच झालो त्याची गोष्ट

मी मूळचा मार्कर. आता मार्कर म्हणजे काय तर टेनिस क्लबात मेंबरला जोडीदार नसला की जो पगारी माणूस समोर खेळायला उभा राहतो तो. काम एकच, साहेबांच्या रॅकेटवर बॉल अलगद नेऊन ठेवायचा, साहेब खूश तर आपण खूश. हे मी नऊ वर्षं केलं. त्यामुळे 2014 ला नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एक प्लॉट भाड्याने घेऊन स्वतःचं सुरू केलं तेव्हाही मी तेच करत होतो, फक्त गेटवर बोर्ड कोचिंगचा होता.

कोर्ट मुरमाचं. पहाटे साडेचारला उठून पाणी मारा, रोलर फिरवा, चुन्याच्या लाईनी आखा, सहाला पहिली बॅच, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी अशी की पोरं स्वेटरच्या बाह्यांतून हात बाहेर काढायला तयार नाहीत. जून लागला की सगळा चिखल, चार महिने धंदा ठप्प. तेव्हा घरी मशीन लावून रॅकेटचं गटिंग, म्हणजे जाळीच्या तारा ताणून बसवायचं काम, करून दिवस काढले. पुढच्याच वर्षी सिंहस्थ, शाही स्नानाला रस्ते बंद, ते वेगळंच. असो, ते सगळ्यांनीच भोगलं.

खरा दणका बसला तो एका वडिलांमुळे. त्यांची मुलगी दोन वर्षं आमच्याकडे, रॅली एकदम सुंदर, आणि चौदा वर्षांखालच्या एका स्पर्धेत पहिल्याच मॅचला डबल फॉल्टवर डबल फॉल्ट, म्हणजे लागोपाठ दोन्ही सर्व्हिस चुकवून, हरली. दुसऱ्या दिवशी ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही बॉल फार छान देता हो, पण शिकवता काय?" आणि नाव काढून घेतलं. राग आला, पण रात्री झोप लागली नाही कारण माणूस खरं बोलला होता.

ती पोरगी सर्व्हिसला रॅकेट धरायची उलथन्यासारखी, पोळी उलटायला धरतो तशी सपाट. अशी धरली की बॉल नुसता ढकलला जातो, फिरकी येत नाही, मग सेकंड सर्व्हिसला एकतर जाळीत नाहीतर बाहेर. धरायला पाहिजे हातोडीसारखी, त्याला कॉन्टिनेंटल ग्रिप म्हणतात. मला काय हे माहीत नव्हतं? होतं की! पण ग्रिप बदलली की पहिले तीन-चार आठवडे सर्व्हिस आधीपेक्षा वाईट होते, उजव्या हाताच्या खेळाडूचे बॉल सगळे डावीकडे पळतात, पोरगं रडकुंडीला येतं, आईवडील तोंड वाकडं करतात, आणि गिऱ्हाईक नाराज झालेलं मार्करच्या रक्तात बसत नाही.

मग कोचचा कोर्स केला, तिथे स्वतःच शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी होतो. छोट्यांच्या बाबतीत तर आपण किती चुकत होतो ते बघून लाज वाटली. सहा वर्षांच्या पोराला पूर्ण 23.77 मीटरच्या कोर्टवर मोठ्यांचा पिवळा बॉल द्यायचो, तो उसळून त्याच्या डोक्यावरून जायचा आणि मी ओरडायचो "मागे जा, मागे जा". आयटीएफने, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने, 2012 पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांना लाल, केशरी, हिरवे बॉल सक्तीचे केलेत. लाल बॉल पिवळ्यापेक्षा 75 टक्के हळू, कोर्ट 11 मीटरचं, केशरी 50 टक्के हळू, कोर्ट 18 मीटरचं, आणि हिरवा 25 टक्के हळू पण कोर्ट पूर्ण. बॉल कमरेला आला की पोरगं आपोआप नीट मारतं, निम्मं शिकवावंच लागत नाही. पालकांना मात्र तो लाल बॉल जत्रेतलं खेळणं वाटायचा. दोघातिघांनी नावं काढली, काढू दिली.

मोठ्यांचं वेगळं. 2024 ला रोहन बोपण्णाने 43 व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकली तेव्हापासून कॉलेज रोडची काका मंडळी जोरात आहेत. त्यातले एक रिटायर्ड बँकवाले, टेनिस एल्बो, म्हणजे कोपराचं दुखणं, घेऊनच आलेले, पट्टा बांधून खेळायचे. आधी डॉक्टरांकडे पाठवलं, आराम झाल्यावर दोन दिवस मी काहीच बोललो नाही, कुंपणाला टेकून नुसतं बघितलं. बॅकहँडला कोपर पुढे आणि बॉल अंगाजवळ आल्यावर उशिरा फटका, वर रॅकेटला कडक पॉलिस्टरची गट, म्हणजे तार, 58 पौंडांवर ताणलेली, कुणीतरी "प्रो लोक हीच वापरतात" म्हणून गळ्यात मारलेली. बारीक धाग्यांची मऊ मल्टिफिलामेंट गट घातली, ताण 50 वर आणला, आणि महिनाभर एकच गोष्ट, बॉल पुढच्या पायाच्याही पुढे गाठायचा. काका कुरकुरले, "मी काय वीस वर्षांचा आहे का?" पण पट्टा सुटला.

आणि जी पोरं राज्य पातळीवर खेळतात त्यांना स्ट्रोक शिकवायला जाऊच नये असं माझं मत. आत्ता एक मुलगी आहे, फोरहँड असा की मलाच भीती वाटते, पण प्रत्येक बॉलला अर्धं पाऊल उशिरा पोचायची. समोरचा मारतो त्याच क्षणी जी छोटी उडी लागते, स्प्लिट स्टेप, ती नव्हती. आठवडाभर तिला रॅकेटच दिली नाही, मी मारायचं आणि तिने फक्त उडी मारून दिशा पकडायची. वैतागली. वैतागू दे.

आता दोन सिंथेटिक कोर्ट आहेत, कर्जाचे हप्ते चालू आहेत, पाऊस थांबला की वायपर मारून तासाभरात खेळ सुरू होतो. तरी सवय जात नाही हो. रविवारी क्लबातले जुने साहेब गंमत म्हणून खेळायला येतात आणि माझा हात आपोआप बॉल अलगद त्यांच्या रॅकेटवर ठेवायला लागतो. फीची वही घेऊन बसलेली बायको टेबलावरून ओरडते, "अहो मार्कर!"